चित्रजोडणीची विद्या

चलच्चित्रें जुळविणें व त्यांचें मिश्रण करणें शिकविणारे पाठ आज घरबसल्या संगणकावर पाहावयास मिळतात. पण नुसतें पाहून विद्या येते काय?

त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके पुस्तकें वाचून व १९१२ सालीं लंडनला जाऊन चित्रपटविद्या शिकले. परत येतांच मोठी कथा न घेतां त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या अंकुराचीं चित्रें ठराविक अंतरानें टिपलीं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दिसली! १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्रा’पूर्वींचा हा त्यांचा धडा.

मूकपटाच्या काळीं दोन दृश्यें एका चौकटींत आणावयाचीं तर भिंगाचा एक भाग काळ्या पुठ्ठ्यानें झांकीत, फीत उलट गुंडाळीत आणि मग उरलेल्या भागावर दुसरें दृश्य टिपीत. मोजणी चुकली कीं फीत वाया! आजचे लेयर आणि मास्क तेंच काम करतात. मात्र चूक एका कळीनें पुसली जाते. म्हणूनच ती कां झाली, हा विचार राहून जातो.

तेव्हां आपल्या घरांतील शिकाऊ तरुणाला एवढेंच सांगावें : एक पाठ पाहा, तो बंद करा आणि स्वतःचा वाटाणा पेरा.