कळलावी लागवड : जुना धाक आणि नवे पीक

श्रावण-भाद्रपदात कुंपणावर चढलेला, खाली पिवळ्या आणि वर लाल पाकळ्यांचा ज्वाळेसारखा फुलोरा तुम्ही पाहिला असेल. हीच कळलावी. कोणी अग्निशिखा म्हणतात, कोणी खड्यानाग, वाघनखी. कोकणात तिला 'गौरीचे हात' म्हणतात आणि गौरीच्या पूजेत तिचे फूल लागते. मात्र हेच रोप अंगणात लावायचे म्हटले की घरातली वडीलधारी माणसे नको म्हणतात. कळलावी दारात आली की घरात भांडणे लागतात, असा समज आहे. नारदाला आपण 'कळलाव्या' म्हणतो, त्याच अर्थाने.

नावाचा दुसरा अर्थ अधिक गंभीर आहे. बाळंतीण अडली की कळा याव्यात म्हणून या कंदाचा लेप हातापायांना किंवा ओटीपोटाला लावत, म्हणून ती कळ लावणारी. संस्कृतातले 'गर्भपातिनी' हे नाव त्याच गुणावरून पडले. 'लांगली' हे नाव मात्र कंदाच्या नांगरासारख्या आकारावरून आले. कंद दाराशी ठेवला की साप येत नाही, असेही अनेक ठिकाणी मानतात. यातला एकही उपाय करू नका. बाळंतपणात हा लेप लावणे म्हणजे आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात घालणे आहे. भांडणाची गोष्ट खरी नसली, तरी तिने पिढ्यान्‌पिढ्या हा कंद घरापासून आणि मुलांपासून लांब ठेवला, हे विसरू नका.

कारण झाडाच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे विष असते. कंदात आणि बियांत ते जास्त असते. गाउट या सांधेदुखीवरचे औषध त्यापासून बनते. बिनबियांच्या कलिंगडासाठी गुणसूत्रे दुप्पट करतानाही ते वापरतात. म्हणून बियांना औषध उद्योगाकडून मागणी असते. तामिळनाडूत दिंडुक्कल, तिरुप्पूर, करूर या भागांत शेतकरी हे पीक बियांसाठीच घेतात. तिथे हे राज्यफूल आहे. जुन्या तमिळ काव्यात ते मुरुगन देवाशी जोडलेले आहे आणि स्त्रीच्या बोटांना याच पाकळ्यांची उपमा दिलेली आहे. आपल्याकडच्या 'गौरीचे हात' या नावाची इथे आठवण होते.

आता लागवडीविषयी. जमीन निचऱ्याची, तांबडी पोयट्याची हवी. काळ्या भारी रानात पाणी साचून कंद सडतो. पावसाच्या सुरुवातीला ५० ते ६० ग्रॅम किंवा त्याहून मोठे कंद लावावेत. एकरी सुमारे ८०० किलो बेणे लागते आणि खरा खर्च तोच आहे. कंदाच्या टोकाशी असलेला डोळा नाजूक असतो. तो मोडला की त्या टोकाचा कोंब गेलाच, म्हणून बेणे पोत्यात आपटू नका. बियांपासून रोपे होतात, पण फुलायला तीन-चार वर्षे घेतात. जंगलातले कंद खणून आणू नका. आधीच ती वेल कमी होत चालली आहे.

पानांच्या टोकांना ताणे असतात, त्यामुळे वेलीला तारा किंवा वाळलेल्या फांद्यांचा आधार द्यावा. पानांवर करपा आणि रंगीत ठिपक्यांची अळी येते. दर आठवड्याला पाहणी केलीत तर अळ्या वेचूनही आटोक्यात राहतात.

बहुतेक नवे शेतकरी परागीकरणात फसतात. या फुलाचा स्त्रीकेसर मुळाशीच काटकोनात वळून पुंकेसरांपासून दूर जातो, त्यामुळे आपोआप फळधारणा कमी होते. सकाळी ८ ते ११ या वेळेत मऊ ब्रशने पराग उचलून दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावावा लागतो. फुलोऱ्याच्या काळात हे काम रोज करायचे असते. घरात हात कमी असतील तर क्षेत्र कमीच ठेवा. लागवडीपासून साधारण साडेपाच ते सहा महिन्यांत शेंगा तयार होतात. साल सुरकुतू लागली की त्या तोडून सावलीत वाळवाव्यात.

काढणी आणि साठवणीच्या वेळी सर्वांत जास्त काळजी घ्या. कंद दिसायला रताळ्यासारखा असतो आणि शिजवल्याने विष जात नाही. लाल-केशरी बिया मुलांना खेळण्यासारख्या वाटतात. म्हणून कंद आणि बिया धान्याच्या खोलीत ठेवू नका. वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवून पोत्यावर 'विष' असे मोठ्या अक्षरांत लिहा. मजुरांना हातमोजे द्या, जेवणापूर्वी साबणाने हात धुवायला लावा. पाला जनावरांपुढे टाकू नका.

कोणी कंद किंवा बी खाल्ले तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात. मध्ये बरे वाटले तरी पुढच्या काही दिवसांत रक्तपेशी घटतात, अवयव निकामी होऊ शकतात. याला हमखास उतारा नाही. घरगुती उपाय न करता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या, सोबत कंदाचा तुकडा घ्या आणि डॉक्टरांना 'कोल्चिसीन' हा शब्द सांगा. नुसते 'बचनाग' म्हणू नका. काही ठिकाणी कळलावीलाच बचनाग म्हणतात, पण खरा बचनाग हे वेगळ्या विषाचे झाड आहे आणि उपचाराची दिशा चुकू शकते.

शेवटी बाजारपेठ. बाजार समितीत याचा सौदा होत नाही, खरेदीदार मोजके असतात आणि भाव वर-खाली होतो. लेखी खरेदी करार हातात आल्याशिवाय बेणे घेऊ नका. "कंद आमच्याकडून घ्या, बी आम्हीच उचलू" असे तोंडी सांगणाऱ्याकडून तर नाहीच. पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांतच लावून पाहा.