यंत्रामागचा हात
मुतखड्याचे नवे उपचार आणि शल्यविशारदांचे बदलते शिक्षण

वैशाखात वऱ्हाडाचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावी दुकान चालविणाऱ्या व्यापाऱ्याचा दिनक्रम डोळ्यांपुढे आणावा. सकाळी दुकान उघडले की गिऱ्हाईक, मालाची आवक, वसुली, हिशोब यांत दुपार कधी होते ते कळत नाही. चहा तीन-चार वेळा होतो. पाण्याचा तांब्या मात्र भरलेलाच राहतो. गल्ला सोडून उठावे लागू नये म्हणून लघवीही रोखून धरली जाते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते आणि ज्यांचा चौविहाराचा नियम आहे, त्यांच्या पोटात दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतरच पाणी जाते. घाम भरपूर, पाणी कमी आणि बैठक दीर्घ, असा योग जुळून आला की मूत्रातील क्षार घट्ट होऊ लागतात आणि त्यांचे कण एकमेकांस चिकटून मुतखडा आकार घेतो.

हा विकार माणसाला नवा नाही. सुश्रुतसंहितेत त्याला 'अश्मरी' म्हटले असून मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याची रीत तेथे सांगितली आहे. ती सांगताना ग्रंथकाराने धोक्याची स्पष्ट जाणीवही दिली आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू अटळ आणि केल्यास यश अनिश्चित, म्हणून आधी अनुमती घेऊनच वैद्याने हात घालावा, असा त्या सूचनेचा आशय आहे. त्यानंतरच्या दीर्घ काळात शस्त्रे सुधारली, भूल आली, प्रतिजैविके आली. तरीही मूत्रपिंडातील मोठा खडा काढायचा म्हणजे कुशीत वीतभर छेद, ही स्थिती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होती. ती गेल्या पन्नास वर्षांत पालटली.

छेदापासून प्रकाशकिरणापर्यंत

पहिला बदल स्वीडनमध्ये घडला. १९७६ मध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या डॉक्टरांनी पाठीतून मूत्रपिंडापर्यंत एक अरुंद मार्ग तयार करून त्यातून खडा काढण्याची पद्धत मांडली. आज ती 'पीसीएनएल' या नावाने ओळखली जाते. सुमारे एक सेंटिमीटरच्या छेदातून दुर्बीण आत जाते, खडा फोडला जातो आणि त्याचे तुकडे बाहेर काढले जातात. हा मार्ग अवघ्या काही मिलिमीटरचा करणारी 'मिनी' पद्धतही आता रूढ झाली आहे. दोन सेंटिमीटरहून मोठ्या किंवा मूत्रपिंडात फांद्यांसारख्या पसरलेल्या खड्यांसाठी आजही हाच मुख्य उपाय आहे.

दुसरा बदल म्युनिकमध्ये झाला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी तेथे प्रथमच एका रुग्णाचा मुतखडा शरीराबाहेरून सोडलेल्या ध्वनिलहरींच्या आघाताने फोडण्यात आला. या 'लिथोट्रिप्सी'त छेद नसतो. खड्याचा चुरा पुढे लघवीवाटे पडतो. मध्यम आकाराच्या आणि फार कठीण नसलेल्या खड्यांना ती चांगली लागू पडते. गरोदर स्त्रिया आणि रक्त गोठण्याचा दोष असलेले रुग्ण यांना मात्र ती देत नाहीत. मूत्रपिंडाच्या तळच्या कप्प्यातील खड्याचा चुराही सहज बाहेर पडत नाही.

तिसरा बदल लेसरचा. लघवीच्या नैसर्गिक मार्गाने बारीक, वळणारी दुर्बीण थेट मूत्रपिंडापर्यंत नेतात आणि केसासारख्या तंतूतून लेसरकिरण सोडून खडा फोडतात. १९९० च्या दशकात होल्मियम लेसर आला आणि अलीकडे थुलियम फायबर लेसर आला. हा नवा लेसर खड्याची अक्षरशः भुकटी करू शकतो. शरीरावर छेद नसल्याने बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततात.

मात्र नवे म्हणजे प्रत्येकास योग्य असे नव्हे. पाच मिलिमीटरहून लहान खडे बहुधा आपोआप पडतात. पानफुटीच्या रसाला किंवा कुळथाच्या कढणाला मिळणारे श्रेय पुष्कळदा या नैसर्गिक क्रियेचे असते. खड्याचा आकार, जागा आणि कठीणपणा तसेच मूत्रपिंडाची कार्यक्षमता पाहूनच उपचार ठरवावा लागतो. म्हणून अमरावती, अकोला वा नागपूर येथे तपासणीस जाताना या चार गोष्टींची माहिती डॉक्टरांकडून अवश्य मागून घ्यावी.

वेदना थांबली, धोका नाही

मुतखड्याची कळ असह्य असते, परंतु ती थांबली म्हणजे खडा गेला असे समजणे घातक ठरते. अडकलेल्या खड्यामुळे मूत्रपिंडावर ताण येत राहतो आणि ते मूकपणे निकामी होऊ शकते. खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली अथवा रुग्णास एकच मूत्रपिंड असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या मूत्रातील जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

दुसरा धोका विस्मरणाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनी मोकळी राहावी म्हणून पुष्कळदा आत एक मऊ नळी ठेवतात. तिला 'डीजे स्टेंट' म्हणतात. ती काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांच्या आत काढावीच लागते. रुग्णास बरे वाटते, सुगी किंवा लग्नसराई सुरू होते आणि नळीची आठवण कोणालाच राहत नाही. महिने लोटले की त्या नळीवरच क्षार जमून नवा खडा तयार होतो. मग ती काढण्यासाठी पहिलीपेक्षा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. येणे-देणे तारखेनिशी लिहून ठेवणाऱ्या घरात ही तारीखही वहीत चढलीच पाहिजे, आणि ती एका नव्हे, दोन माणसांच्या ध्यानात असली पाहिजे.

नियम पाळून पाणी

ज्यांना एकदा मुतखडा झाला, त्यांच्यापैकी अनेकांना तो पुन्हा होतो. यावरचा सर्वांत स्वस्त आणि सिद्ध उपाय म्हणजे पाणी. दिवसाकाठी किमान अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी पोटात जावे, असे मूत्रविकारतज्ज्ञ सांगतात. उन्हाळ्यात घामावाटे जाणारे पाणी त्यात आणखी मिळवावे लागते. लघवीचा रंग पाण्यासारखा फिकट असेल तर हिशोब बरोबर आहे. गडद पिवळा असेल तर तूट आहे.

रात्री पाणी न पिणाऱ्यांनी हा हिशोब दिवसाच्या उजेडातच पुरा करावयाचा असतो. सकाळी पारणे होताच दोन पेले, दुकानात तासातासाने एक पेला आणि सायंभोजनापूर्वी पुन्हा दोन, अशी विभागणी केल्यास नियमही राहतो आणि मूत्रपिंडेही राहतात. एकदम लोटाभर पिऊन तूट भरून निघत नाही. पाणी उकळलेले, गाळलेले वा साधे असो, मुतखड्याच्या दृष्टीने महत्त्व त्याच्या प्रमाणाला आहे. लिंबाच्या रसातील सायट्रेट खडा बनण्यास अडथळा आणते, म्हणून बिनसाखरेचे लिंबूपाणी उत्तम. हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंड दुर्बल झाल्यामुळे ज्यांचे पाणी मर्यादित केले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे.

आहाराबाबत एक गैरसमज घरोघरी आढळतो. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही बंद, असे ठरविले जाते. २००२ मध्ये इटलीतील बोर्घी आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या अभ्यासाअंती याच्या उलट निष्कर्ष मांडला. वारंवार खडे होणाऱ्या ज्या पुरुषांनी पुरेसे कॅल्शियम घेतले आणि मीठ व मांसाहार कमी केला, त्यांच्यात खडे पुन्हा होण्याचे प्रमाण कॅल्शियम तोडणाऱ्यांच्या जवळपास निम्मे राहिले. जैन घरांत मांसाहाराचा प्रश्न नाही, मिठाचा आहे. पापड, लोणची, शेव, फरसाण हे नित्याचे पदार्थ हात राखून घ्यावेत. पालकासारखी ऑक्झलेटयुक्त भाजी दह्यासोबत खाल्ल्यास ते ऑक्झलेट आतड्यातच बांधले जाते.

पर्युषण वा दशलक्षण पर्वातील निर्जळ उपवासाआधी खड्याच्या जुन्या रुग्णांनी डॉक्टरांचा विचार घ्यावा. षोडशकारण भावनांत 'शक्तितस्तप' आहेच. आपली शक्ती किती हे प्रामाणिकपणे तपासून पाहणे तपाला कमीपणा आणणारे नाही.

हात कसा घडतो

यंत्र कितीही सूक्ष्म झाले तरी ते चालविणारा हात घडवावाच लागतो. हे मर्मही सुश्रुताने ओळखले होते. सूत्रस्थानातील 'योग्यासूत्रीय' अध्यायात शिष्याने आधी कोठे सराव करावा याची यादीच आहे. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर, भेदण्याचा पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामडी पिशव्यांवर, शिवण्याचा जाड्या-पातळ वस्त्रांच्या काठांवर आणि पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. पुष्कळ शास्त्र ऐकलेलाही सरावावाचून कर्मास अयोग्य, हा त्या अध्यायाचा निर्वाळा आहे.

आधुनिक काळात याची आठवण महाराष्ट्रातील एका घटनेच्या मागोमाग येते. ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. १९७२ पासून ते निदानासाठी पोटाची दुर्बीण वापरीत होते. त्या अठरा वर्षांच्या सरावावर हे धाडस उभे होते. पुढे ही पद्धत जगभर इतक्या वेगाने पसरली की सुरुवातीच्या काळात नवशिक्या हातांकडून पित्तनलिकेस इजा होण्याचे प्रकार वाढले. तंत्र पुढे गेले होते आणि शिक्षण मागे राहिले होते.

त्यातून संगणकीय आभासी यंत्रांवरील सरावाला चालना मिळाली. २००२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सोळा प्रशिक्षणार्थींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. आभासी यंत्रावर शिकलेल्यांनी पित्ताशय सोडविण्याचे काम २९ टक्के अधिक वेगाने केले; तसे न शिकलेल्यांच्या चुका सुमारे सहा पट होत्या. आज मूत्रशल्याचे विद्यार्थी सिलिकॉनच्या मूत्रपिंडावर दुर्बीण फिरविण्यास शिकतात. एखाद्या रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून त्रिमितीय छपाईने त्याच्याच मूत्रपिंडाची प्रतिकृती करून आदल्या दिवशी सराव करणेही शक्य झाले आहे. नडियाद येथील मूळजीभाई पटेल मूत्रविकार रुग्णालयासारख्या संस्थांत देशभरातील शल्यविशारद शिकण्यास जातात. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाने वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरविली. बेडकाच्या स्नायूंवरील जे प्रयोग पूर्वी प्रत्येक विद्यार्थ्यास करावे लागत, ते आता संगणकाच्या पडद्यावर दाखविले जातात. रुग्णाची सुरक्षा आणि मुक्या जिवाचे रक्षण या दोहोंना येथे एकच वाट सापडली आहे.

यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियांनाही हाच न्याय लागू पडतो. अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळालेले 'दा विंची' असो वा भारतात घडलेले 'मंत्रा', त्याचे यांत्रिक हात पडद्यामागे बसलेल्या शल्यविशारदाच्याच बोटांनी हलतात. म्हणून रुग्णालयाच्या जाहिरातीत यंत्राचे नाव वाचल्यावर पुढचा प्रश्न विचारण्यास संकोचू नये: ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी अशा किती केल्या आहेत? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार मानले आहेत. व्यापारी कुटुंबांनी रुग्णालयांच्या इमारती उभारल्या, यंत्रे दिली, खाटा दिल्या; त्यांवरील नामफलक आजही वाचावयास मिळतात. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कौशल्य प्रयोगशाळेस दिलेल्या देणगीवर असा फलक क्वचितच दिसतो. रुग्णास बरे करणारा हात तेथे घडतो, त्या हाताला विद्या मिळते आणि त्यासाठी कोणत्याही प्राण्याचा जीव जात नाही. औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान एकाच छताखाली घडावे, अशी जागा याहून दुसरी सापडणे कठीण. कामरगावातून पहाटेच्या गाडीने कळ सोसत शहराकडे निघालेल्या रुग्णाच्या वाट्याला तेथे कोणते यंत्र येईल, यापेक्षा कोणता हात येईल, यावर त्याचे परत येणे अवलंबून असते.