गाडी एका अंगाला का कलते?

एका ताईंनी विचारलंय, मुलानं कर्ज काढून जुनी मोठी गाडी घेतली, पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवरची. ती मागून एका अंगाला कलते. गॅरेजवाला म्हणतो, फुगा बदला. ताई, पैसे मोजायच्या आधी थोडं थांबा.

अशा गाडीत चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असतो. गाडी खाली-वर झाली की त्याची छोटी दांडी हलते. सेन्सर ते कॉम्प्युटरला कळवतो आणि त्यावरून फुग्यात हवा भरली किंवा सोडली जाते. खबरच चुकीची गेली तर धड फुगाही चुकीचा भरतो. काटा अडकला तर दोष धान्याचा नाही.

रात्री उभी केलेली गाडी सकाळी बसलेली दिसते का? मग बहुधा हवा गळतेय. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. पण गाडी चालू केल्यावरच कलत असेल, समोर दिवा लागत असेल, तर आधी सेन्सर बघायला सांगा. कित्येकदा दांडीच सांध्यातून निसटलेली असते, नाहीतर चिखल-पाण्यानं कनेक्टरच्या पिना गंजलेल्या असतात.

ते धड असेल तर मीटर. बऱ्याच गाड्यांत सेन्सरला 5 व्होल्ट मिळतात. दांडी हळूहळू हलवली की त्याच्याकडून येणारा आकडा सलग बदलायला हवा. तो मध्येच उडाला किंवा हललाच नाही, तर सेन्सर गेला. नवा बसवल्यावर योग्य उंची कॉम्प्युटरला पुन्हा नोंदवून द्यावी लागते, हे अनेकजण विसरतात.

आणि नुसत्या जॅकवर मुलाला गाडीखाली शिरू देऊ नका. फुगा अचानक बसू शकतो.

गॅरेजवाल्याला एवढंच विचारा, "मीटरवर काय आलं?" आकडा लिहून घ्या.