भुंगेऱ्याचा पत्ता

छाटणीनंतर वेलीचे डोळे फुगू लागले की निफाड-तासगावकडचा द्राक्ष बागायतदार उडद्या शोधायला लागतो. तांबूस ब्राँझ रंग, पाठीवर सहा काळसर ठिपके, आणि धक्का लागला की मेल्याचं सोंग घेऊन खाली पडायची खोड. फुगलेला डोळा त्यानं कोरला की त्या डोळ्यातून घड येत नाही. हा भुंगेरा सुट्या सालीखाली दडतो, त्याची अळी मातीत मुळ्या खाते, हे सगळं बागायतदाराला पाठ असतं. त्याचं शास्त्रीय नाव स्केलोडोन्टा स्ट्रिगिकोलिस आहे हे ठाऊक नसल्यानं त्याचं काहीही अडत नाही.

उडद्या ज्या कुळातला, त्या पानभुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुळात 35,000हून अधिक जातींना नावं मिळालेली आहेत. कोकणात भातावर येणारे निळे भुंगेरे याच कुळातले, काकडी-भोपळ्याची पानं चाळणीसारखी करणारे तांबडे भुंगेरेही. पण पिकांवरचे असे ओळखीचे चेहरे थोडे. बाकीच्यांची गत उडद्याच्या नेमकी उलट असते. नाव लॅटिनमध्ये झोकात छापलेलं, आणि तो कुठल्या झाडावर जगतो, अळी कुठे वाढते, याची जागा कोरी.

ही कोरी जागा कशी उरली ते समजायचं तर मार्टिन जेकबी या गृहस्थांना भेटायला हवं. जन्म जर्मनीतला, वास्तव्य लंडनला, पेशानं व्हायोलिनवादक. वादनातून उरलेला वेळ त्यांनी जगभरच्या पानभुंगेऱ्यांना दिला. अँड्र्यूज या वनाधिकाऱ्यानं बेळगाव आणि कानडा भागात गोळा केलेले भुंगेरे त्यांच्या टेबलावर पोचले आणि त्यांतून कितीतरी नव्या जातींची वर्णनं निघाली. भारतातल्या पानभुंगेऱ्यांवरचा त्यांचा जाडजूड खंड 1908 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. रंग, ठिपके, शृंगिकांची लांबी हे त्यात बारकाईनं दिलेलं आहे, पण झाडाचा उल्लेख क्वचितच. जेकबींना दोष देण्यात अर्थ नाही. टाचणीला टोचलेला भुंगेरा आपण काय खात होतो ते सांगत नाही, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असे फक्त ‘बेळगाव’.

पुढचे तीन खंड समरेंद्र मौलिक या भारतीय शास्त्रज्ञानं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून लिहिले: 1919, 1926 आणि 1936. पिसवेसारखी उडी मारणारे बारके पानभुंगेरे त्यांच्या विशेष आवडीचे. 1929 साली त्यांनी या भुंगेऱ्यांच्या मागच्या मांडीतल्या एका कठीण, वळलेल्या तुकड्याचं वर्णन केलं. ती चक्क कमान आहे. स्नायू ती ताणून धरतो, साठलेली ताकद एका झटक्यात सुटते आणि बोटाखालचा भुंगेरा नाहीसा होतो. आजही या अवयवाला मौलिकांचं नाव आहे. (आपल्या उडद्याच्या मांडीत मात्र ही कमान नाही. तो पानभुंगेरा खरा, पण या उडीबाजांच्या गटातला नव्हे. नावावर जाऊ नये ते असं.)

या उडीबाजांत लाँजिटार्सस ही प्रजाती सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी एक. 700हून अधिक जाती, बहुतेक दोन-तीन मिलिमीटरच्या, बऱ्याचशा तपकिरी, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. मागच्या पावलाचा पहिला सांधा लांबलचक, म्हणून हे नाव. ‘ही जात नवी आहे’ असं इथे नजरेनं सांगता येत नाही. भुंगेरा गरम पाण्यात मऊ करायचा, पोटाचा भाग अलगद सोडवायचा, कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवून मांस विरघळवायचं, आणि मग ग्लिसरिनच्या थेंबात नराचं जननेंद्रिय आणि मादीची शुक्रकोशिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. जातींमधला खरा फरक तिथे असतो. मग जवळच्या जातींशी तुलना, आणि शेवटी एका नमुन्याला मूळ नमुना ठरवून त्याखाली बहुधा लाल चिठ्ठी. पुढे कुणाला शंका आली तर वाद मिटवायचा तो त्या एका नमुन्यावर.

2011 साली के. डी. प्रतापन आणि सी. ए. विरक्तमठ यांनी दक्षिण भारतातून लाँजिटार्सस लिम्नोफिली ही नवी जात जाहीर केली. मला हा शोधनिबंध आवडतो, कारण त्यात भुंगेऱ्याचा पत्ता आहे. तो पत्ता थेट नावातच घातलाय: लिम्नोफिली म्हणजे लिम्नोफिलाचा. लिम्नोफिला अॅक्वाटिका ही पाणथळीतली वनस्पती. मत्स्यालयवाले तिच्या पिसाऱ्यासारख्या पानांच्या जुड्या ‘अंबुलिया’ म्हणून विकतात. लाँजिटार्ससच्या अळ्या सहसा मातीत मुळ्यांवर वाढतात आणि कोषही मातीतच करतात. इथे मुळं पाण्याखालच्या चिखलात. या भुंगेऱ्यानं वेगळीच वाट काढली आहे. पाणवनस्पतींच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात. तो कोषावस्था त्या पोकळ्यांत काढतो. भोवती पाणी, आत कोरडी हवा. जेकबींच्या टेबलावर हाच भुंगेरा आला असता तर त्यांनी नाव दिलं असतं, पण ही खोली त्यांना दिसली नसती. त्यासाठी झाडापाशी जाऊन खोड चिरावं लागतं.

असं काम करणाऱ्यांची वाट सोपी नाही. मूळ नमुन्यांपैकी कितीतरी लंडनसारख्या परदेशी संग्रहालयांत, आणि 2002च्या जैवविविधता कायद्यानंतर इथले नमुने तुलनेसाठी परदेशी तज्ज्ञाकडे पाठवणं जिकिरीचं. याच प्रतापन यांनी सहकाऱ्यांसह 2008 साली ‘करंट सायन्स’मध्ये या कायद्याला वर्गीकरणशास्त्राची मृत्युदंडाची शिक्षा म्हटलं होतं, आणि 2018 साली ‘सायन्स’मधून जैवविविधता करारावरच बोट ठेवलं. शब्द कडक आहेत, पण मला ते अवाजवी वाटत नाहीत. औषधी वनस्पतींची चोरी रोखायला विणलेल्या जाळ्यात दोन मिलिमीटरचा, कवडीचंही बाजारमूल्य नसलेला भुंगेरा अडकावा, हे जाळं विणणाऱ्यांच्याही मनात नसेल.

हल्ली मत्स्यालयाच्या दुकानात गेलो की अंबुलियाची एक जुडी घेतो आणि घरी येऊन ब्लेडनं खोडं उभी चिरतो. दुकानातल्या रोपांच्या आत काही सापडण्याची आशा नाहीच. पोकळ्या मात्र दिसतात: गोलाकार मांडलेल्या, पारदर्शक भिंतींच्या, रिकाम्या.