दहा पावलांवरचे कार्यालय

रक्तदाबासाठी कित्येक वर्षे माझ्याकडे येणाऱ्या एक आजी आहेत. निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, गोळ्यांच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) टाळेबंदीच्या काळात त्यांचा मुलगा पुण्याहून नागपूरला परतला आणि घरून काम करण्याची परवानगी मिळाल्याने येथेच राहिला. आतल्या खोलीत टेबल मांडून तो रोज सकाळी पुण्याच्या कार्यालयातील संगणकाशी जोडला जातो. आई बाहेरच्या खोलीत असते. दोघांमधील अंतर दहा पावलांचे.

मे महिन्यातील एका दुपारी तीनच्या सुमारास आजींचा उजवा हात जड पडला. अंगाखाली दबून बधिर झाला असेल, असे त्यांना वाटले. पाणी प्यायला घेतले, तर ते ओठांच्या कडेने ओघळले. हाक मारावी असे क्षणभर मनात आले. पण मुलाची मीटिंग सुरू होती. त्या पडून राहिल्या. साडेपाचला मुलगा चहासाठी बाहेर आला, तेव्हा आईचे तोंड वाकडे झाले होते आणि शब्द उमटत नव्हते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत साडेसहा वाजले. सीटी स्कॅन होऊन गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळाले, तेव्हा सव्वासात झाले होते. ते देण्याची मुदत संपायला केवळ पंधरा मिनिटे उरली होती.

आज आजी काठी घेऊन चालतात. वाचाही बरीचशी परतली आहे. मात्र उजव्या हाताला गुंडी लावता येत नाही, आणि तीस वर्षे फळ्यावर उमटलेले ते वळणदार अक्षर गेले ते गेलेच. पुढे तपासणीला आल्या तेव्हा मी विचारले, "हाक का नाही मारली?"

"काम करून राहिला होता ना तो," त्या म्हणाल्या. "म्हटलं, उगाच कशाला त्रास."

शेजारी बसलेला मुलगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, "डॉक्टर, मी दहा पावलांवर होतो."

घरी असूनही घरात नसणे

मार्च २०२०मधील टाळेबंदीने पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे नोकरी करणारी असंख्य मुले आपल्या गावी परत आणली. त्याच महिन्यात दूरसंचार विभागाने घरून काम करण्यासंबंधीच्या अटी शिथिल केल्या आणि नोव्हेंबरमध्ये ते नियम आणखी सोपे केले. पुढे अनेकांना कार्यालयात परतावे लागले. तरी आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. वृद्ध आईवडिलांच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता. ज्या घरांत सणासुदीलाच मुलांचे पाय लागत, तेथे रोज दोन वेळा ताट एकत्र वाढले जाऊ लागले.

परंतु या व्यवस्थेत एक फसवी बाजू आहे. मुलगा किंवा सून घरात आहे, म्हणून शेजारी निर्धास्त असतात, बहीण परगावी निश्चिंत असते, डॉक्टरही समाधानी असतो. प्रत्यक्षात ती व्यक्ती सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत मनाने कार्यालयात असते. कानांवर बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन, दार लोटलेले, आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकीत घरघरणारा कूलर! अशा वेळी अशक्त आवाजातील हाक दहा पावलेही ओलांडत नाही.

ही जोडणी म्हणजे नेमके काय?

ज्येष्ठ वाचकांना हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल; कारण 'मध्येच उठवले तर त्याचे काम बिघडेल' ही भीती बहुधा अपुऱ्या माहितीतून येते.

घरचा संगणक येथे एखाद्या खिडकीसारखा असतो. खरे काम चालते ते कार्यालयातील संगणकावर. त्याच्या पडद्याचे चित्र इंटरनेटवरून घरी दिसते आणि घरी दाबलेली प्रत्येक कळ तिकडे पोहोचते. मधल्या वाटेवर कोणी डोकावू नये म्हणून बहुतेक कार्यालये व्हीपीएन नावाचा सुरक्षित मार्ग वापरतात. एखाद्या बंदिस्त बोगद्यासारखा. कागदपत्रे तिकडेच राहतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. घरची वीज गेली किंवा वायफाय बंद पडले, तर बंद होते ती खिडकी. तिकडचा संगणक सहसा सुरूच असतो आणि पुन्हा जोडणी केल्यावर उघडे ठेवलेले काम बहुधा जागेवर सापडते. दहा मिनिटे उठून गेल्यास फार तर पडदा कुलूपबंद होईल आणि नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होईल. तुटलेली ही जोडणी पुन्हा जोडता येते. मेंदूच्या बाबतीत तशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

मिनिटांचा हिशेब

मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात होतो, तेव्हा उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते जितके लवकर मिळेल तितका लाभ अधिक. लक्षणे केव्हा सुरू झाली हे कोणालाच ठाऊक नसेल, तर रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला, तेथून वेळ मोजतात. म्हणून दुपारभर कोणी डोकावलेच नाही, तर हातातील तास आपोआप कमी होतात.

चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात : तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे आणि घड्याळ. पहिल्या तिन्हींपैकी एक जरी दिसली, तरी वेळ टिपून घ्यावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. पाणी, चहा, काहीही पाजू नये. गिळणे बिघडलेले असल्यास ते श्वासनलिकेत जाते. आणि 'थोडे पडून राहू, बरे वाटेल' हा विचार मनात आणू नये.

घरातला करार

अशा घरांना मी आता एक छोटा करार करावयास सांगतो.

पहिले, बिनतारी घंटी. दारावर लावतात तीच. तिचे बटण आईवडिलांच्या उशाशी किंवा गळ्यात, एक न्हाणीघरात जमिनीपासून हातभर उंचीवर, आणि घंटी कामाच्या टेबलाजवळ. एकदा वाजली, तर सवड मिळताच यावे. सलग वाजली, तर ज्या स्थितीत असाल त्या स्थितीत उठावे. महिन्यातून एकदा ती वाजवून पाहावी.

दुसरे, हेडफोन एकाच कानाला. काम करणाऱ्या खोलीचे दार लोटावे, पण कडी लावू नये. ज्येष्ठांनीही न्हाणीघराची कडी आतून लावू नये.

तिसरे, ठरलेल्या फेऱ्या. दर तासाला उठून बाहेरच्या खोलीत जाऊन दोन वाक्ये बोलावीत. उत्तर कसे आले, ऐकावे. चेहरा पाहावा. याला दोन मिनिटे पुरतात.

चौथे, वरिष्ठांना आधीच सांगून ठेवावे की घरात रुग्ण आहे आणि क्वचित न सांगता उठावे लागेल. हे सांगण्याचा संकोच अनेकांना वाटतो. पण वेळ आल्यावर स्पष्टीकरण देण्यापेक्षा ते सोपे असते.

पाचवी अट ज्येष्ठांसाठी आहे, आणि तीच सर्वांत अवघड आहे. हाक मारण्याआधी 'हे पुरेसे गंभीर आहे का' याचा निवाडा आपण स्वतः करावयाचा नाही. मुलांना त्रास नको म्हणून सोसत राहणे हा आपल्या पिढ्यांचा संस्कार आहे. तो आदरणीय आहे. परंतु पुढची कित्येक वर्षे अंथरुणाला खिळण्याचा त्रास त्या एका हाकेपेक्षा फार मोठा असतो, मुलांसाठीही.

काळजी घेणाऱ्याची काळजी

दोन नोकऱ्या एकाच छताखाली करणाऱ्या माणसाची प्रकृतीही तपासली पाहिजे. जेवणाच्या टेबलावर वाकून काम केल्याने मान आणि कंबर धरते. पडदा डोळ्यांच्या पातळीला आणावा, पाठीला आधार घ्यावा, दर वीस मिनिटांनी नजर दूरवर न्यावी. याहून मोठा भार मनावर असतो : कार्यालयात कमी पडतो आणि आईजवळही कमी पडतो. झोप उडणे, चिडचिड, विनाकारण रडू येणे, अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक राहिल्यास डॉक्टरांशी बोलावे. संध्याकाळी संगणक मिटल्यावर अर्धा तास मोकळ्या हवेत फिरून यावे आणि तेवढा वेळ घरातील दुसऱ्या कोणी सांभाळावा.

एक सावधगिरी

हीच युक्ती उलट्या बाजूनेही वापरली जाते. बँकेतून किंवा वीज कार्यालयातून बोलतो असे भासवून कोणी एखादे ॲप मोबाइलवर घ्यायला सांगतो, त्यातील अंक विचारतो आणि आपल्या फोनचा पडदा त्याच्या हाती जातो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना याविषयी सावध केले होते. मुलगा आतल्या खोलीत जोडणी करतो ती कार्यालयाच्या परवानगीने. अनोळखी फोनवर तशी परवानगी कोणालाही देऊ नये. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. येथेही मुलाला हाक मारावयाची आहेच.

आजींच्या पक्षाघाताआधी मी त्यांना मीठ, गोळ्या, चालणे, सर्व काही विचारत असे. दुपारी काही झाले तर कोणाला आणि कसे बोलवाल, हे मात्र कधी विचारले नव्हते. आता रक्तदाब मोजताना प्रत्येकाला विचारतो. मागच्या महिन्यात आजी आल्या, तेव्हा गळ्यात मंगळसूत्राशेजारी पांढरे बटण लोंबत होते.

"वाजवता की नाही?" मी विचारले.

"परवा वाजवली," त्या म्हणाल्या. "काही झालं नव्हतं. आला धावत. मग म्हटलं, आलाच आहेस तर चहा ठेव."