निशाणी नांगर

१८७५ सालच्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासची रयत गोळा झाली आणि तिने मारवाडी व गुजर सावकारांच्या दुकानांवर चाल केली, तेव्हा त्या संतप्त जमावाची पहिली मागणी धान्याची नव्हती, रोकडीचीही नव्हती. ती होती वह्यांची, खतांची आणि कर्जरोख्यांची. काही ठिकाणी धान्याची लूट झाली, क्वचित घरांनाही आग लागली. परंतु पुणे व नगर जिल्ह्यांतील तिसांहून अधिक गावांत पसरलेल्या या दंग्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी आयोगाच्या नजरेतूनही ही गोष्ट सुटली नाही, की जेथे कागद मुकाट्याने हवाली झाले तेथे सावकाराच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. रोखे फाडले गेले, हुकूमनामे जाळले गेले, आणि लोक घरी गेले. पुढे ९५१ माणसांना अटक झाली.

या माणसांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. खताच्या तळाशी सही म्हणून लेखनिक त्यांच्या नावापुढे नांगराचे चित्र काढीत असे व त्यास 'निशाणी नांगर' म्हणत. ज्याला आपण काय लिहून दिले आहे हे वाचता येत नव्हते त्या कुणब्याला एवढे मात्र पक्के उमगले होते, की सावकाराचे सामर्थ्य त्याच्या तिजोरीत जितके आहे त्याहून अधिक ते त्या कागदात आहे, आणि कागदाचे सामर्थ्य कागदाचे स्वतःचे नसून मुनसफाच्या कचेरीचे, बेलिफाच्या जप्तीचे आणि लिलावाच्या दवंडीचे आहे. आजच्या सुशिक्षिताला हे ज्ञान पुनश्च संपादन करावे लागत आहे, आणि म्हणूनच दीडशे वर्षांपूर्वीची ही कथा मी विदेच्या, म्हणजे डेटाच्या, चर्चेच्या आरंभी आणून ठेवली आहे.

सावकारी दख्खनला नवी नव्हती. नवे होते ते तिच्या पाठीशी उभे राहिलेले विधान. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी पाटील, पंच आणि गावाची भीड यांवर विसंबावे लागे, आणि हिंदूंच्या व्यवहारधर्मातील दामदुपटीचा नियम व्याजाला मुद्दलापलीकडे जाऊ देत नसे. इंदापुरापासून १८३० च्या दशकात सुरू झालेल्या नव्या पाहणीने व रयतवारी पद्धतीने शेतकऱ्याच्या नावावर निश्चित, हस्तांतरणीय असा हक्क लावला, आणि ज्या क्षणी जमीन त्याची झाली त्याच क्षणी ती तारण ठेवण्याजोगीही झाली. १८५५ च्या कायद्याने व्याजदरावरील मर्यादा उठल्या. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया-संहितेने वसुलीची बजावणी सुगम केली. तालुक्याच्या कचेरीत जाण्याचे कुळाला सुचत नसे, सुचले तरी परवडत नसे, म्हणून बहुसंख्य हुकूमनामे एकतर्फी होत. त्याच साली मुदतीचा कायदा आला, आणि त्याची कहाणी तर उपहासाने भरलेली आहे. रोख्याला तीन वर्षांचीच मुदत द्यावी, म्हणजे व्याजाचा डोंगर साचणार नाही, असा सद्हेतू त्यामागे होता. सावकाराने दर तीन वर्षांनी मुद्दल व व्याज यांची बेरीज करून नवा रोखा लिहून घेण्याचा परिपाठ घातला, जुने व्याज नवे मुद्दल झाले, आणि कुळाच्या रक्षणार्थ केलेला कायदा चक्रवाढीचे यंत्र बनला. आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारलेले आढळले. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली, पतपुरवठा आटला, आणि मग जे व्हायचे ते झाले.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विधिशास्त्राच्या प्राध्यापिका कॅथरिना पिस्टोर यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या भांडवलविषयक ग्रंथात जो सिद्धांत मांडला आहे, तो सुप्याच्या रयतेस फारसा नवीन वाटला नसता. त्यांचे म्हणणे असे, की जमीन, कल्पना, ऋणपत्र किंवा आश्वासन यांपैकी कोणतीही वस्तू स्वभावतः भांडवल नसते. करार, स्वामित्व, तारण, न्यास, कंपनी आणि दिवाळखोरी यांविषयीचे कायदे तिला चढवले म्हणजे ती भांडवल होते, इतरांच्या दाव्यांवर तिला अग्रक्रम मिळतो, काळाच्या ओघात ती टिकते, आणि राज्याची दंडशक्ती गरज पडताच तिच्या दिमतीला हजर होते. हे विधानाचे वस्त्र विणणारे कारागीर म्हणजे वकील. कायदा विधिमंडळात जन्मतो खरा, पण तो वाढतो त्यांच्या दप्तरात.

तंत्रज्ञान वाऱ्याच्या वेगाने पुढे जाते आणि कायदा मागून लंगडत येतो, असे आपल्याकडे व्याख्यानांतून नित्य सांगितले जाते. माझ्या मते ही समजूत निखालस चुकीची आहे, आणि ती कोणाच्या सोयीची आहे हे पाहिले म्हणजे ती इतकी लोकप्रिय का, याचाही उलगडा होतो. कायदा मागे राहिलेला नाही; तो आधीच येऊन बसला आहे, फक्त कोणाच्या बाजूला बसला आहे एवढेच पाहायचे. १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने दूरसंचारविषयक कायद्यात २३० क्रमांकाचे कलम घातले, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल आंतरजालावरील मध्यस्थाला प्रकाशक मानू नये, या त्यातील सव्वीस इंग्रजी शब्दांच्या वाक्यावर पुढील पाव शतकाची समाजमाध्यमे उभी राहिली. आपल्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम, काही अटी घालून, त्याच कुळीचे आहे.

विदेच्या बाबतीत ही बैठक अधिक सूक्ष्म आहे. केवळ तथ्यावर कोणाची मालकी नसते, हे तत्त्व जुने व योग्यच. कॅन्सस राज्यातील एका दूरध्वनी-पुस्तिकेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ते पुन्हा ठणकावून सांगितले. तुम्ही कोठे गेलात, काय खरीदले, रात्री किती वाजता जागे होता, ही सारी तथ्ये; तुमच्या हाती असेपर्यंत ती कोणाचीच नाहीत, म्हणजे रानातल्या सरपणासारखी आहेत. परंतु तीच तथ्ये कंपनीच्या कोठारात जमा झाली, की त्यांच्याभोवती व्यापारी गुपिताच्या कायद्याचे कुंपण पडते, वापराच्या अटींचा करार दारावर पहारा देतो, युरोपात तर १९९६ च्या निर्देशानुसार संकलनालाच पंधरा वर्षांचे विशेष संरक्षण मिळते. एकाच वस्तूची ही दोन रूपे, आणि मधला उंबरठा म्हणजे 'मान्य आहे' ही कळ. ती मीही न वाचता दाबतो, निशाणी नांगर!

कोठारातील माल खरोखरच माल आहे याचा प्रत्यय कंपनी बुडते तेव्हा येतो. लाळेच्या नमुन्यावरून वंशावळ व आनुवंशिक व्याधींचा अंदाज सांगणारी 'ट्वेंटीथ्री अँड मी' ही अमेरिकी कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती हीच तिची सर्वांत मोलाची मत्ता होती. कौतुकाने नळीत थुंकणाऱ्या माणसाला आपण धनकोंच्या पुढ्यात ठेवायची जिंदगी तयार करीत आहोत, असे वाटले नसणार. बोली लागल्या, अखेर संस्थापिकेच्याच एका ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरला ती जिंदगी घेतली. ज्यांची लाळ, त्यांना खाते मिटवून माहिती पुसून टाकण्याची मुभा होती. किमतीत वाटा नव्हता.

आपल्याकडे याहून घरगुती दृष्टांत आहे. तारणाशिवाय पाच मिनिटांत कर्ज देणारी भ्रमणध्वनीवरील ॲपे काही वर्षांपूर्वी बोकाळली, आणि तारण नाही ही त्यांची जाहिरात अर्धसत्य होती. ॲप बसवताना ऋणको ज्या परवानग्या देई त्यांत त्याच्या फोनमधील नावांची यादी व छायाचित्रे असत. हप्ता चुकला की मेव्हण्याला, शेजाऱ्याला, कचेरीतल्या साहेबाला फोन जात. पंचापुढे गहाण ठेवता येत नव्हती अशी एकच वस्तू गरिबापाशी उरली होती, ती म्हणजे अब्रू, आणि संमतीच्या कळीने तीही तारण ठेवता येऊ लागली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून फोनमधील संपर्कयादी, कॉलची नोंद व फायलींकडे पोहोचण्यास मनाई केली, आणि कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्या खात्यातच जमा व्हावी असे बंधन घातले. ज्या कलमाच्या बळावर वसुली चाले ते कलमच अवैध ठरवले, म्हणजे जे सुप्याच्या रयतेने आगकाडीने केले ते येथे परिपत्रकाने झाले. नियमबाह्य ॲपे अर्थात या परिपत्रकाला जुमानीत नाहीत.

आता दोन कायदे शेजारी ठेवून पाहू. दंग्यानंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन कृषक-साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला रोख्यावर न थांबता त्याच्या पाठीमागे जाण्यास, म्हणजे देण्याघेण्याचा मूळ इतिहास पहिल्या पैशापासून तपासण्यास फर्मावले. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणे बंद केले. खते गावच्या निबंधकासमोर व त्याच्या देखरेखीखाली लिहिली जावीत असे ठरवले. आणि कुळाला पावती व हिशेबाचे पुस्तक मागण्याचा हक्क दिला. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. संमतीची निशाणी असली की प्रश्न संपला, या कल्पनेस त्या कायद्याने दिलेला छेद आजही धाडसी वाटावा असा आहे. अर्थात सावकारही स्वस्थ बसला नाही: रोख्याऐवजी तो खरेदीखतच मागू लागला, आणि विक्रीच्या वेषात आलेले गहाण ओळखण्यासाठी तोंडी पुरावा घेण्याची मुभा पुढे दुरुस्तीने द्यावी लागली.

दुसरा कायदा ऑगस्ट २०२३ मधील, अंकीय वैयक्तिक विदा संरक्षणाचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यावर तो येण्यास सहा वर्षे लागली, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध हवी, असे त्यात लिहिले आहे. संमतीची सूचना आठव्या परिशिष्टातील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येते. विदा वापरणाऱ्या कंपनीला दिलेले नाव विश्वस्ताच्या अर्थाचे आहे, मात्र विश्वस्ताने लाभार्थ्याशी एकनिष्ठ राहावे हा न्यासाच्या कायद्याचा प्राण या कायद्यात कोठे लिहिलेला नाही. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारजमा होतो. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाने मिळू शकणारी नुकसानभरपाई वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. शासनाच्या संस्थांना सूट देण्याचे दार बरेच रुंद ठेवले आहे. आणि एक गंमत, जिच्यावर फारसे कोणी बोलत नाही: खोटी अथवा क्षुल्लक तक्रार केल्यास खुद्द नागरिकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. १८७९ च्या कायद्याला हे सुचले नव्हते.

न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे, की संमती रीतसर घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार या कायद्याने कंपनीवर टाकला आहे, आणि अकराव्या कलमान्वये आपल्या विदेचा गोषवारा व ती कोणाकोणाला दिली त्यांची नावे मागण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. हे एका अर्थी कुळाच्या हिशेबपुस्तकाचेच नवे रूप होय. त्यासाठी अर्ज कसा करायचा, हे कंपनीने आपल्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रसिद्ध करावे असे नियम सांगतात. तेव्हा वही पाहायची ती सावकाराच्याच ओटीवर जाऊन.