चुन्याला थंडी चालत नाही

फ्रान्सच्या मध्यभागी असलेल्या क्रूझ जिल्ह्यातले गवंडी एकोणिसाव्या शतकात मार्चच्या सुमारास घर सोडत. टोळ्या करून पायी निघायचं, पॅरिसच्या इमारती बांधायच्या आणि थंडीच्या तोंडावर गावी परतायचं, असा त्यांचा वर्षाचा क्रम होता. १८३० साली, पंधरा वर्षांचाही झाला नसताना, वडिलांबरोबर असाच निघालेला मार्ताँ नादो पुढे संसदेत निवडून गेला आणि आपल्या आठवणींतून त्याने हे सगळं जग लिहून ठेवलं.

नंतर गवंडी बायकामुलांसह शहरातच राहू लागले. १८५१ मध्ये क्रूझची लोकसंख्या २ लाख ८० हजारांवर होती. आज ती सव्वा लाखही नाही. मागे उरली ती ग्रॅनाइटची घरं, कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरांसारखी कुलूपबंद. शिवाय नागरी संहितेनुसार सगळ्या मुलांचा वारसाहक्क. चार भावंडांच्या मालकीच्या घराचं छप्पर कोणी शाकारायचं, यावर एकमत होईपर्यंत वासे कुजून जात.

अशी घरं वाचवण्याची एक युक्ती दक्षिणेकडे निघाली. १९५१ मध्ये बास-आल्प जिल्ह्यात सिनेटर एमिल ओबेर यांच्या पुढाकाराने पहिलं ग्रामीण ‘झीत’ सुरू झालं. ओस पडलेली घरं दुरुस्त करायची, शहरी कुटुंबांना सुट्टीत परवडणाऱ्या भाड्याने द्यायची आणि शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडू द्यायचे, अशी ही कल्पना. १९५५ मध्ये ‘झीत द फ्रान्स’ हा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच्या घरांचा दर्जा गव्हाच्या एक ते पाच लोंब्यांनी दाखवला जातो. पाहुणे सहसा शनिवारी येतात, स्वतः रांधून खातात आणि पुढच्या शनिवारी किल्ली परत देतात.

उन्हाळ्यात हे चित्र देखणं दिसतं. धंद्याचा कस लागतो तो ऑक्टोबरपासून.

जुन्या घराच्या भिंती अर्धा मीटर किंवा त्याहूनही जाड असतात. दोन्ही बाजूंना दगड, मधे माती, चुना आणि चिपा. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढते आणि सांध्यांतल्या चुन्यातून उडून जाते. गेल्या शतकात अनेक घरांना बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. ओल कोंडली, आतला रंग फुगला, तुळयांची टोकं सडली. म्हणून नूतनीकरणाचं पहिलं काम बहुधा हे सिमेंट खरवडून काढण्याचं असतं. त्यानंतर चुना येतो. पण पारा ५ अंशांखाली गेला की चुन्याचं काम थांबवावं लागतं. ओला गिलावा गोठला तर तो सुटून पडतो. क्रूझपर्यंत पसरलेल्या मिल्व्हाशच्या उंच पठारावर चुन्याच्या कामाची मुदत लवकर संपते.

आतून ऊब धरून ठेवण्यासाठी चुन्यात भांगेच्या वर्गातल्या औद्योगिक हेंपच्या काडीचा भुसा कालवून लेप देतात. १९८६ च्या सुमारास नोजाँ-स्यूर-सेन इथल्या एका जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरात हा प्रयोग झाला आणि तिथून ही पद्धत पसरली. हा लेप ओल कोंडत नाही, मात्र वाळायला आठवडेच्या आठवडे घेतो.

हिवाळ्यापुरतं बंद करायच्या घराची कामं वेगळी. मुख्य तोटी बंद करायची, सगळ्यात खालच्या नळातून पाणी काढून टाकायचं, संडास आणि मोरीच्या सायफनमध्ये न गोठणारं द्रव ओतायचं. अनेक विमा करारांत ही काळजी घेण्याची अटच असते. ती पाळली नाही, तर फुटलेल्या नळाची भरपाई मिळणं कठीण. पोहण्याच्या तलावाचं पाणी १२ अंशांखाली गेलं की त्याची हिवाळी झाकपाक होते. धुराडं वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यावं लागतं. सरपण घनमीटरच्या मापाने येतं. ओकचं लाकूड दोनेक वर्षं सुकलेलं नसेल तर ते ऊब कमी आणि काजळी जास्त देतं.

अशा घरांच्या ब्रिटिश मालकांपुढे आणखी एक अडचण आहे. ब्रेक्झिटमुळे २०२१ पासून, फ्रान्समध्ये राहण्याचा परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा नसेल, तर त्यांना दर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. उन्हाळ्यात पाहुण्यांची सरबराई करण्यात दिवस खर्ची पडले, की शरदातल्या दुरुस्तीला हातात काही उरत नाही.

मग घर उघडंच ठेवलं तर? ऑक्टोबरअखेरची तुसाँची (सर्व संतांच्या सणाची) सुट्टी, नाताळ आणि फेब्रुवारीची शाळांची सुट्टी हे हिवाळ्यातले हंगाम. फेब्रुवारीची सुट्टी देशाच्या तीन विभागांत वेगवेगळ्या वेळी असते, त्यामुळे गिऱ्हाईक सुमारे चार आठवड्यांवर पसरतं. बाकी दिवसांत शनिवार-रविवारचे पाहुणे मिळाले तर मिळाले. त्यांच्या दोन रात्रींसाठी गार पडलेलं दगडी घर आधी दोन दिवस तापवावं लागतं. वीज आणि सरपणाचा खर्च म्हणूनच पुष्कळ ठिकाणी भाड्याव्यतिरिक्त घेतात.

नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने हे गणित आणखी बदललं. वर्गीकरण नसलेल्या पर्यटक-घरांना सोप्या करपद्धतीत ७७,७०० युरोंपर्यंतच्या उत्पन्नावर ५० टक्के सरसकट वजावट मिळे. २०२५ च्या उत्पन्नापासून ही मर्यादा १५,००० युरोंवर आणि वजावट ३० टक्क्यांवर आली. तारांकित वर्गीकरण करून घेतलं तर ५० टक्के मिळते. शिवाय २०३४ पासून मालकाचं मुख्य निवासस्थान नसलेलं पर्यटक-घर ऊर्जावापराच्या ए ते जी या श्रेणींत किमान डी श्रेणीत बसायला हवं. नूतनीकरणाचं ‘मा प्रिम रेनोव्ह’ हे सरकारी अनुदान मुख्य निवासासाठी असतं. केवळ पाहुण्यांसाठी ठेवलेल्या घराला ते मिळत नाही. प्रत्यक्ष खर्च वजा करण्याची करपद्धत निवडली तर भिंती-छपराचा खर्च हिशेबात धरता येतो. पण तिला रीतसर जमाखर्च लागतो आणि बहुतेकांना त्यासाठी हिशेबनीस नेमावा लागतो. वर्षाला आठ-दहा आठवडेच भाड्याने जाणाऱ्या घराला त्याची फी परवडेल का, हा मालकांपुढचा प्रश्न आहे.